कमिट मेसेज मशीनला लिहू द्या, पण आधी कारण विचारू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत एआयमुळे सॉफ्टवेअरवाल्यांची कंटाळवाणी कामं कशी कमी झाली यावर एक लेख आला होता. त्यात जाता जाता एक वाक्य होतं की आता प्रोग्रामरला कमिट मेसेजसुद्धा लिहावा लागत नाही, बटण दाबलं की तयार. बाकी लेखाबद्दल काही तक्रार नाही, पण या एका वाक्याबद्दल आहे आणि ती जरा लांबलचक आहे. मी बरीच वर्षं पतसंस्थांची आणि छोट्या बँकांची सॉफ्टवेअर सांभाळायचं काम करते, म्हणजे नवीन काही बांधणं कमी आणि दुसऱ्याने कधीतरी लिहून ठेवलेलं उलगडत बसणं जास्त, आणि त्या उलगडण्यात हा कमिट मेसेज नावाचा प्रकार रोज लागतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकाच सॉफ्टवेअरचा कोड दहा जण बदलत असतात, मग कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारी सिस्टम लागते, आज जवळपास सगळीकडे त्यासाठी गिट वापरतात. बदल करून झाला की तो 'कमिट' करायचा, म्हणजे नोंदीत पक्का करायचा, आणि सोबत दोन ओळी लिहायच्या की काय केलं आणि का केलं. शेतीवाल्या घरातल्या माणसाला हे एका मिनिटात कळेल. सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते दिसतं, पण ती त्याच्या नावावर कशी आली, वारसाने की खरेदीखताने की वाटणीत, हे बघायचं तर नावाशेजारचा फेरफार नंबर घेऊन गाव नमुना ६ काढावा लागतो. कोड म्हणजे सातबारा आणि कमिटचा इतिहास म्हणजे फेरफार. 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड आहे, ती कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ही ओळ कोणी आणि कुठल्या कमिटमध्ये घातली ते दाखवते, अगदी त्या नावाशेजारच्या नंबरासारखंच. आणि भावकीतला जमिनीचा वाद ज्याने जवळून पाहिलाय त्याला विचारा, फेरफाराच्या नोंदीत नुसतं 'नाव बदलले' एवढंच असतं तर कोर्टात काय झालं असतं.

बरं, माणसं हे मेसेज फार छान लिहितात असं माझं अजिबात म्हणणं नाही. कुठल्याही कंपनीच्या रिपोचा, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास जिथे ठेवतात त्या साठ्याचा, गिट लॉग उघडा, 'फिक्स', 'चेंजेस', 'फायनल', 'फायनल २', 'रिव्ह्यू कॉमेंट्स', आणि शुक्रवारी संध्याकाळचा असेल तर नुसता एक टिंब. ही परंपरा जुनी आहे. १९७२ साली बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची सिस्टम बनवली, ती बदल नोंदवताना 'कॉमेंट्स?' असं विचारायची. पुढे सीव्हीएस आलं, त्यात तुम्ही काहीच लिहिलं नाही तर लॉगमध्ये चांदण्यांच्या मध्ये 'एम्प्टी लॉग मेसेज' अशी ओळ दिसायची, आणि जुन्या कोडमध्ये अशा ओळींची रांगच्या रांग लागलेली असते. सोर्सफोर्ज या कोड ठेवायच्या वेबसाइटवरच्या २३ हजारांहून जास्त जावा प्रोजेक्टांचा अभ्यास झाला होता, त्यात सुमारे १४ टक्के मेसेज चक्क रिकामे निघाले. २०२२ साली दुसऱ्या काही संशोधकांनी पाच नावाजलेले ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे) प्रोजेक्ट तपासले, तिथेसुद्धा सरासरी ४४ टक्के मेसेज सुधारायला हवेत असं त्यांचं मत पडलं. त्यांची चांगल्या मेसेजची कसोटी साधी होती, काय केलं आणि का केलं हे दोन्ही त्यात हवं.

तेव्हा मशीन मदतीला आलं तर आनंदच आहे. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये मेसेजच्या चौकटीशेजारी चमचमणाऱ्या चांदण्यांचं बटण आलंय, जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये तसंच आहे, शिवाय ओपनकमिट, एआयकमिट्स अशी छोटी टूल्स आहेत. सगळ्यांचं काम एकच, जुन्या आणि नव्या कोडमधला फरक, ज्याला आम्ही डिफ म्हणतो, तो मॉडेलला द्यायचा आणि मॉडेल त्यावरून दोन ओळी लिहून देतं. इंग्रजी एकदम फर्स्ट क्लास, व्याकरण चोख, पहिली ओळ ५० अक्षरांच्या आत (ही पहिली ओळ ५० आणि खालच्या ओळी ७२ अक्षरांची शिस्त टिम पोप यांनी २००८ मध्ये लिहून काढली तेव्हापासून सगळे पाळल्यासारखं करतात). मला या बटणाचा राग नाही, मी स्वतः वापरते. तीस फाइलींत एका फंक्शनचं नाव बदललं असेल तर तो मेसेज मशीननेच लिहावा, त्यात माणसाने डोकं घालवायचं कारण नाही.

माझा मुद्दा पुढचा आहे. डिफमध्ये 'काय' असतं, 'का' नसतं. आणि 'का' माहीत नसताना मशीन गप्प बसत नाही, ते स्वतःच एक कारण लिहून टाकतं.

आमच्या कामातलंच एक सांगते, संस्थेचं नाव सांगत नाही. पिग्मी एजंट तुम्हाला माहीत असतील, दुकानोदुकानी फिरून रोजचे पन्नास-शंभर रुपये गोळा करतात, हल्ली त्यांच्याकडे मोबाइल ॲप असतं. दिवसभराच्या नोंदी फोनमध्ये साठतात आणि संध्याकाळी रेंजमध्ये आलं की संस्थेच्या सर्व्हरवर जातात. पूर्वी एका वेळी २०० नोंदींचा गठ्ठा जायचा, एकाने तो आकडा ५० केला. कोडमधला बदल एवढाच, २०० च्या जागी ५०, एक ओळ. चांदण्यांचं बटण दाबलं तर मेसेज आला की परफॉर्मन्स सुधारण्यासाठी बॅच साइज २०० वरून ५० केली. वाचायला किती छान वाटतं, रिव्ह्यू करणाऱ्याने पसंतीचा अंगठा दिला, मर्ज झालं, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलं.

खरं कारण काय होतं? डोंगरी भागातल्या एका शाखेत पावसाळ्यात नेटवर्क मधेच तुटायचं. गठ्ठा सर्व्हरवर पोचलेला असायचा पण 'पोचला' हा निरोप फोनपर्यंत यायच्या आधी लाइन जायची, मग ॲपला वाटायचं गेलंच नाही, ते पुन्हा सगळा गठ्ठा पाठवायचं आणि एकाच दुकानदाराचे पन्नास रुपये दोनदा जमा व्हायचे. गठ्ठा छोटा केला की तो पटकन जातो, मधे लाइन तुटायची शक्यता कमी होते आणि तुटलीच तर घोळ २०० चा न होता ५० चा होतो. हा काही पक्का इलाज नाही. पक्का इलाज म्हणजे प्रत्येक पावतीला स्वतंत्र नंबर देऊन तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नाकारायचा, पण सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा, त्यांचं कोटेशन यायचं होतं, संचालक मंडळाची मीटिंग व्हायची होती. म्हणून तात्पुरतं ५०. आता मला सांगा, यातलं कुठलं वाक्य त्या एका ओळीच्या डिफमध्ये दिसतंय? पाऊस नाही, लाइन नाही, दुसरी कंपनी नाही, तात्पुरतं हा शब्दही नाही. उलट नेटवर्कवर एकाऐवजी चार फेऱ्या मारायला लागल्या म्हणजे परफॉर्मन्स उतरलाच, म्हणजे मेसेज अपुरा तर होताच, वर चक्क उलटा होता.

पुढे व्हायचं तेच झालं. नवीन आलेल्या मुलाकडे सिंक, म्हणजे नोंदी सर्व्हरवर पाठवणं, फार हळू चालतं अशी तक्रार आली, त्याने ब्लेम मारून मेसेज वाचला, परफॉर्मन्ससाठी ५० केलं म्हणे, त्याने मोजून बघितलं तर २०० ला जास्त वेगात चालतंय, मग त्याने परत २०० केलं. त्याची काय चूक? लिहिलेल्या कारणावर विश्वास ठेवून त्याने मोजमाप घेऊन काम केलं, शहाण्या माणसाने करावं तसं. पावसाळा आल्यावर शाखेतून फोन सुरू झाले. मेसेज नुसता 'फिक्स' असता तर तो मुलगा उठून कोणाला तरी विचारायला गेला असता, कारण 'फिक्स' वाचून कोणाचंच समाधान होत नाही. सीव्हीएसची ती रिकाम्या मेसेजची ओळ निदान खरं बोलायची की इथे कोणी काही लिहिलेलं नाही. आता ती रिकामी जागा छान इंग्रजीने भरून निघते आणि ती रिकामी आहे हेच कोणाला कळत नाही, माझी खरी तक्रार ही आहे.

याला एआयचे भक्त म्हणतील की मॉडेल सुधारतील. सुधारतील की, पण जे डिफमध्येच नाही ते कितीही हुशार मॉडेलला कुठून दिसणार. गिटच्याच घरातलं उदाहरण घ्या. लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, कोड आधी बिटकीपर नावाच्या सिस्टममध्ये असायचा, २००५ मध्ये त्याचा फुकट परवाना बंद झाला म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. (गिटच्या स्वतःच्या पहिल्या कमिटचा मेसेज असा की ही 'गिट'ची पहिली आवृत्ती, नरकातून आलेला माहिती व्यवस्थापक. हे कुठल्याही बटणातून निघणार नाही, पण ते सोडा.) काही दिवसांत त्यांनी अख्खा कर्नल गिटमध्ये टाकला, एका कमिटमध्ये सतरा हजारांहून जास्त फाइली. त्याचा डिफ मशीनला दिला तर ते काय म्हणेल, फाइली नव्याने घातल्या, बस. लिनस यांनी लिहिलं की जुना इतिहास आपल्याकडे आहे तरी मी तो मुद्दाम आणत नाहीये, आणला तर ३.२ जीबी होईल, गिटच्या या सुरुवातीच्या दिवसांत उगाच गुंता वाढेल, पुढे वाटलं तर जोडता येईल. आज वीस वर्षांनी कोणी कर्नलमधल्या एखाद्या जुन्या ओळीवर ब्लेम मारला की तो त्या कमिटवर येऊन थांबतो, आणि का थांबतो ते तिथेच लिहिलेलं सापडतं. जी गोष्ट केली नाही तिचं कारण त्या मेसेजमध्ये आहे, आणि न केलेली गोष्ट डिफमध्ये कधीच नसते.

कर्नलवाले याबाबत आजही कडक आहेत. त्यांच्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की तुमचा बदल एका ओळीचा असो की ५००० ओळींचा, तो करायला लावणारा काहीतरी प्रॉब्लेम असणारच, आधी तो सांगा.

मशीनकडून मेसेज लिहून घ्यायचे प्रयत्न काही आजचे नाहीत. २०१७ मध्ये एका संशोधक गटाने भाषांतराचं तंत्र वापरून बघितलं, म्हणजे एका बाजूला डिफ आणि दुसऱ्या बाजूला माणसांचे मेसेज देऊन मॉडेलला शिकवलं, आकडे बरे आले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तोच डेटा उघडून पाहिला तर तपासणीच्या मेसेजांपैकी साधारण १६ टक्के नुसता कचरा, बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, टाकलेले साचेबंद मेसेज नाहीतर 'चेंजलॉग (बदलांची यादी) बदलला' छापाचे. तो कचरा काढल्यावर मॉडेलचे मार्क निम्म्याच्याही खाली आले, आणि जुन्या कमिटांमधून सगळ्यात मिळताजुळता डिफ शोधून त्याचाच मेसेज चिकटवायचा ही अगदी साधी युक्तीसुद्धा त्या मॉडेलपेक्षा सरस ठरली. आजची मॉडेल त्याच्या कितीतरी पुढे आहेत हे मान्य. पण शिकवणी आमच्याच लॉगवर झालीय ना, आमचे 'मायनर इम्प्रूव्हमेंट्स' बघत बघतच ती मोठी झालीत.

आता एक गंभीर प्रकार, कारण हा विषय नुसता ऑफिसातल्या शिस्तीचा नाहीये. एक्सझेड नावाचं फाइल दाबून छोटी करायचं टूल आहे, जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर असतं. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं त्या प्रोजेक्टमध्ये मन लावून काम केलं, भरवसा कमावला, सहमेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांपैकी एक, झाला, आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. मुख्य माल कोडमध्ये नव्हताच, टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्ये लपवलेला होता. मार्चमध्ये त्याने त्यातल्या दोन फाइली बदलल्या आणि मेसेज लिहिला की आधीच्या फाइली माझ्या मशीनवरच्या रँडम आकड्यांवरून बनल्या होत्या, पुढे पुन्हा तशाच बनवता याव्यात म्हणून ठरावीक सीड (रँडम आकडे ज्यावरून सुरू होतात तो आकडा) वापरून नव्याने बनवल्यात. किती सालस मेसेज! 'काय' आहे, 'का' आहे, कुठल्याही रिव्ह्यूत पूर्ण मार्क. पुढे अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं उघड केलं, नाहीतर हे प्रकरण किती लांब गेलं असतं याची कल्पनाही करवत नाही.

इथे कोणी म्हणेल, बघा, माणसाने लिहिलेला मेसेजसुद्धा खोटा असतो, मग मशीनचा काय वाईट. फरक आहे. तो मेसेज म्हणजे एका माणसाने, भले खोट्या नावाने असेल, दिलेला जबाब होता. सीड वापरून बनवल्या म्हणतोस ना, मग बनवून दाखव, असं त्याला विचारता येतं, त्याचं म्हणणं तपासता येतं आणि खोटं पडलं तर तो पुरावा होतो. हे प्रकरण फुटल्यावर जगभरच्या लोकांनी त्याचा एकेक जुना कमिट, एकेक मेसेज पुन्हा वाचून काढला तो याचसाठी. बायनरी फाइलीचा डिफ मशीनला दिला तर गिट त्याला एवढंच सांगतं की फाइली वेगळ्या आहेत, मग मशीन लिहिणार 'टेस्ट फाइली अपडेट केल्या', आणि हा जबाब कोणाचाच नाही. उद्या विचारलं तर करणारा म्हणेल, मी कुठे लिहिलं, बटणाने लिहिलं.

कर्नलमध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी नावाची ओळ लागते, लिनक्समध्ये आपला कोड घुसलाय असा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या कोर्टबाजीनंतर हा कोड कुठून आला याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी म्हणून ती आली. आता एआयच्या जमान्यात त्यांनी नियमच केलाय की ती सही मशीनने करायची नाही, माणसानेच करायची, मशीनची मदत घेतली असेल तर ती वेगळ्या ओळीत सांगायची. मला हे फार पटतं.

एक गोष्ट मात्र मशीनच्या बाजूनेही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. हल्ली कोडच एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःहून पार पाडणारा एआय, लिहितो आणि कमिटही तोच करतो, खाली को-ऑथर म्हणून स्वतःचं नाव टाकतो. तिथे मेसेज बऱ्याचदा माणसापेक्षा चांगला येतो! कारण काम सांगताना तुम्ही त्याला 'का' सांगितलेलं असतं, की बाबा अमुक शाखेत डबल एंट्री होतेय तर हे असं कर. फेरफाराचंच बघा ना, ई-फेरफार आल्यापासून खरेदीखताची नोंदणी झाली की माहिती थेट तहसीलकडे जाते आणि फेरफार सुरू होतो, तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कोणाची वाट बघायची गरज नाही. ते ऑटोमेशन चालतं कारण दस्तातच कारण लिहिलेलं असतं, कोणी कोणाला किती रुपयाला विकली. आणि तरीसुद्धा हरकतीसाठी नोटीस निघते, १५ दिवस थांबतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आमच्याकडे चांदण्यांच्या बटणाला दस्त दाखवतच नाहीत, नुसता नवा सातबारा आणि जुना सातबारा समोर ठेवून विचारतात, सांग बरं का बदललं.

कंपन्यांबद्दल बोलायचं तर मॅनेजर लोकांना फॉर्म आवडतो. ओळखीतल्या एका ठिकाणी नियम आला की प्रत्येक मेसेजची सुरुवात 'फीट' (फीचर, म्हणजे नवी सोय) नाहीतर 'फिक्स' (दुरुस्ती) असल्या ठरावीक शब्दाने व्हायलाच पाहिजे, नाहीतर कमिट होणार नाही. ही पद्धत वाईट नाही, अँग्युलर या वेबसाइटी बांधायच्या टूलवाल्यांच्या नियमांवरून कन्व्हेन्शनल कमिट्स म्हणून ती आली, त्यावरून चेंजलॉग आणि आवृत्तीचा पुढचा नंबर आपोआप काढता येतो, मोठी सोय आहे. पण तिथे आठवड्याभरात सगळे 'फिक्स: मायनर चेंजेस' लिहायला लागले, पहारेकरी खूश, आत काहीच नाही. आता त्याच पहाऱ्यातून मशीनचे मेसेज रोज ऐटीत जातात आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवं.

शिवाय डिफ जातो कुठे हेही बघा. बहुतेक टूल्स तो बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. बँकेचा कोड, त्यात कोणीतरी टेस्टिंगसाठी टाकून विसरलेला पासवर्ड, ग्राहकाशी केलेला गुप्ततेचा करार, आणि एका बटणासरशी सगळं बाहेर. ओलामासारख्या टूलवर छोटं मॉडेल आपल्याच मशीनवर चालवता येतं, मेसेजपुरतं ते पुरतं, पण त्यासाठी कोणीतरी एक दुपार बसून ते लावायला हवं.

मग करायचं काय? गिटमध्ये हुक नावाची सोय पहिल्यापासून आहे, ठरावीक वेळी आपली स्क्रिप्ट आपोआप चालते. मेसेजचा एडिटर उघडायच्या आधी एक हुक चालतो, त्यात ब्रांचच्या (कोडच्या ज्या वेगळ्या फांदीवर काम चाललंय तिच्या) नावातून टिकेट नंबर, म्हणजे त्या कामाचा तक्रार नंबर, उचलायचा, मशीनकडून 'काय बदललं' याचा मसुदा घ्यायचा आणि खाली 'कारण:' एवढाच शब्द लिहून पुढे जागा मोकळी सोडायची. मेसेज लिहून झाल्यावर दुसरा हुक चालतो, त्याने बघायचं की कारणापुढे काही लिहिलंय का, नसेल तर कमिट नाकारायचा. थोड्याशा ओळींची स्क्रिप्ट आहे, कॉलेजचा पोरगा लिहील. लोक तिथेही 'असंच' लिहितील हे मला माहीत आहे, लिहू देत, 'असंच' वाचून पुढचा माणूस सावध तरी होतो.

आणि इथे मशीनचा खरा उपयोग आहे जो त्या लेखात नव्हता. आमच्याकडे लातूर, परभणी, चाळीसगावकडची मराठी माध्यमातली मुलं येतात, कोड उत्तम लिहितात, तोंडी विचारलं तर कारणही खणखणीत सांगतात, पण इंग्रजीत दोन वाक्यं लिहायची म्हटली की कोणी हसेल म्हणून 'फिक्स्ड इश्यू' लिहून मोकळी होतात. त्या मुलाने 'एक तारखेला पेन्शन जमा होते तेव्हा सर्व्हर दमतो, म्हणून टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) वाढवला, पुढच्या एक तारखेला लॉग बघून परत कमी करायचा' असं सरळ मराठीत लिहावं आणि मशीनने त्याचं इंग्रजी करावं, यात कमीपणा काय आहे? कारण त्याचं, इंग्रजी मशीनचं. टीम सगळी मराठी असेल तर इंग्रजीही करू नका, गिटला देवनागरी व्यवस्थित चालते, आमच्या एका छोट्या रिपोत असे मेसेज आहेत आणि पुण्याबाहेरच्या क्लायंटने आजवर हूं की चूं केलेलं नाही.

कॉलेजांमध्ये तर यावर कोणी बोलतच नाही. इंटरव्ह्यूला आलेल्या मुलांचे फायनल इयर प्रोजेक्ट मी बघते, अख्खा प्रोजेक्ट एका कमिटमध्ये, सबमिशनच्या आदल्या रात्री चढवलेला. यंदा पहिल्यांदा वेगळं दिसलं, भरपूर कमिट, एकेक मेसेज गुळगुळीत, सगळे 'कोडची वाचनीयता सुधारण्यासाठी'. त्यातला एक बदल दाखवून मुलाला विचारलं हे का केलंस, तर तो मेसेजच पुन्हा वाचून दाखवायला लागला. प्राध्यापकांनी व्हायवाला कुठलेही दोन कमिट उघडून एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे, वेगळा पेपर काढायची गरज नाही.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर १९७२ वगैरेचा जुना इतिहास आणि संशोधनाचे आकडे खुशाल कापा, पिग्मीचा आणि हुकचा भाग तेवढा ठेवा, आणि पुरवणीत पुन्हा हा विषय घेतलात तर बटण कसं वापरायचं याच्यासोबत हुक कसा लावायचा तेही छापा.

आपली,
एक वाचक, पुणे
(क्लायंटचा विषय असल्याने नाव छापू नये ही विनंती.)